समीक्षक बदलून मिळावा

"ती चादर काढा आधी," मी म्हणाले.

गच्चीवर ऊन चांगलं तापलं होतं. मोबाईल स्टँडवर लावून मी चार सौर पॅनेलांपुढे उभी होते आणि सावलीमुळे वीज किती घटते ते शिकवत होते. नेमका त्याच वेळी एक अनोळखी माणूस जिन्यातून वर आला, त्याने दोरीवर ओलीचिंब निळी चादर टाकली आणि तिची सावली थेट माझ्या दोन पॅनेलांवर पाडली.

"तुम्हाला सावलीच दाखवायची आहे ना? मग राहू दे की," तो म्हणाला. हात ओले म्हणून त्याने चष्मा मनगटाने वर सरकवला.

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"थोडंफार. बॅटऱ्यांचं काम करतो मी."

"मग तर दुप्पट लाज वाटायला हवी."

तो हसला... आणि चादर काढून दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिला. माझा धडा संपेपर्यंत जागचा हलला नाही. पाणी त्याच्या पायांवर ठिबकत होतं आणि मी एरवी घडाघडा बोलणारी बाई, तीनदा अडखळले.

आमची शाळा म्हणजे याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. सूर्य, वारा, बॅटऱ्या, म्हणजे न संपणारी ऊर्जा कशी वापरायची ते आम्ही तिथून ऑनलाइन शिकवतो. मी आठ वर्षं लोकांच्या छपरांवर पॅनेल बसवली, गुडघा कुरकुरायला लागला तशी शिकवायला आले. शाळेला पाच तज्ज्ञ सल्लागार आहेत. आम्ही धडा लिहायचा, सल्लागाराने तो तपासून सही करायची आणि मगच तो विद्यार्थ्यांकडे जायचा. त्या सोमवारी सल्लागारांच्या बैठकीत पडद्यावर एक नवा चेहरा उगवला. त्याच्यामागे खुर्चीवर निळी चादर होती. महाशय चौथ्या मजल्यावर राहायला आले होते आणि माझे बॅटऱ्यांचे धडे तेच तपासणार होते. मनातल्या मनात मी त्याचं नाव चादरवाला ठेवून टाकलं.

पहिल्या धड्यावर त्याने समासात बेचाळीस शेरे लिहिले. मी बेचाळीस उत्तरं दिली, त्यातली तीस भांडणाची. तिसऱ्या धड्यापर्यंत शेरे निम्म्यावर आले आणि पाचव्यापासून ते बॅटऱ्या सोडून भरकटायला लागले. "हे वाक्य पुस्तकी झालंय. तुम्ही गच्चीवर रागावता तसं लिहा." दुसरा एक होता, "इथे तुम्ही दमलेल्या वाटता. जेवलात का?" तो मी पुसला नाही. संध्याकाळी तो वाळलेले कपडे काढायला गच्चीवर यायचा आणि मी मीटर बघायला जायचे. मीटर रोज बघावा लागत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण तो विषय कुणी काढला नाही.

मग नववा धडा परत आला. समास कोरा आणि तळाशी एकच शब्द, "छान." सही आजोबांची.

आजोबा म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ सल्लागार. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना सगळंच छान वाटतं. दहावा धडाही त्यांच्याकडूनच आला. जिन्यात चादरवाला भेटला तेव्हा मी विचारलं, माझे धडे का सोडले म्हणून. तो हातातल्या किल्लीकडे बघत म्हणाला, "कामाचं वाटप बदललंय... जरा घाईत आहे." त्या दिवसापासून तो गच्चीवर यायचाही बंद झाला. चौथ्या मजल्यावरच्या माणसाचे कपडे वाळतात तरी कुठे, या चिंतेने मी आठवडाभर सुकत होते.

त्याने माझे धडे का सोडले याचं उत्तर मिळालं ते पुढच्या आठवड्यात. वाऱ्याची वीज साठवायची कशी हे शिकवणाऱ्या एक मॅडम बाहेरगावाहून चित्रीकरणासाठी आल्या. उंच, लांब हातांच्या, आणि बोलताना ते हात असे फिरवायच्या की समोरचा माणूस गुंगून जावा. मी त्यांना पवनचक्की म्हणायला लागले. पवनचक्कीचे धडे तपासत होता चादरवाला. आणि तिचं चित्रीकरण कुठे, तर आमच्या गच्चीवर. आमच्या म्हणजे शाळेच्या. गच्चीच्या दारातून मला दिसलं की तिचा स्टँड त्याने खांद्यावर घेतलाय आणि ती काहीतरी सांगतेय आणि तो मान मागे टाकून हसतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी एक हलक्या दर्जाचं काम केलं. शाळेच्या सामाईक फायलींतून तिचा धडा उघडला आणि त्याचे शेरे मोजले. एकसष्ट. मला सर्वांत जास्त मिळाले होते ते बेचाळीस. एकेक शेरा वाचून काढला. सगळे विजेबद्दलच होते, पण मला त्यातही गोडवा दिसायला लागला. "हा आकडा पुन्हा तपासा" यात एवढं मवाळ काय आहे, हे मी घरी ताईला जेवताना दोनदा समजावलं. ताई पोळी मोडत म्हणाली, "तुला तो आवडतो, हे त्याला सांगितलंस का?" मी म्हटलं, माझं डोकं फिरलेलं नाही. "मग पोळी खा," ती म्हणाली.

डोकं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी पवनचक्की ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाली की असा बारकाईने वाचणारा माणूस तिला आयुष्यात भेटला नव्हता. संध्याकाळी मी अकरावा धडा पूर्ण करायला बसले. विषय होता जुन्या बॅटऱ्या. त्यात मी मुद्दाम एक वाक्य घातलं. "बॅटरी किंचित फुगली असेल तरी घाबरू नका, दाबून बसवा आणि वापरा." फुगलेली बॅटरी दाबली तर पेट घेते, हे आमच्या पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यालाही कळतं. सामाईक फायलीत हे वाक्य डोळ्यांखालून गेलं तर चादरवाला गप्प बसूच शकणार नव्हता. एक शेरा, शिवी दिली तरी चालेल, एवढंच मला हवं होतं. आजोबांना धडा वाचायला आठवडा लागतो. तोवर मी ते काढून टाकणार होते.

सकाळी नऊला येऊन बघते तर आजोबांची सही झालेली. "छान." सही झाली की धडा कुलूपबंद होतो, मग तो फक्त संचालिका बाईंनाच उघडता येतो. अकरा वाजता तो चारशे लोकांच्या मोबाईलवर जाणार होता. त्या चारशेंमध्ये रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एक मावशी होत्या. माझा धडा आला की त्या त्याच दिवशी करून बघायच्या आणि मला कळवायच्या. मी बाईंच्या दारापाशी गेले, टकटक करायला हात उचलला... आणि तो तसाच राहिला. आत जाऊन सांगायचं काय? की एका माणसाने माझ्याकडे बघावं म्हणून मी हे केलं?

जिन्यावरून धावत पावलं आली. चादरवाला, अर्धी दाढी केलेला.

"अकरावा धडा," तो धापा टाकत म्हणाला. "ते वाक्य. तुमच्या हातून असं चुकून होणार नाही."

"चुकून नाही झालं."

त्याने चष्मा मनगटाने वर सरकवला.

"तुम्ही वाचता का ते बघायचं होतं मला," मी म्हणाले. "तिला एकसष्ट शेरे. मला कोरा कागद. मला सहन झालं नाही."

"मी तुमचा प्रत्येक धडा वाचतो. आला की लगेच."

"पण धडे तर तुम्ही सोडलेत."

"समीक्षा करणार नाही असं लिहून दिलंय मी. वाचणार नाही असं नाही." आणि मग हळूच, "का सोडले ते बाईंकडच्या कागदात आहे. माझ्याने तोंडाने सांगवत नाहीये."

मी दार ढकललं आणि सगळं सांगून टाकलं. मत्सरासकट. बाईंनी आधी धडा थांबवला, मग चष्मा काढला, मग मला सोलून काढलं. कुणाच्या घराला आग लागली असती तर, असं विचारलं. तीन महिने माझा प्रत्येक धडा दोन सल्लागार तपासतील आणि मावशींना आजच फोन करून फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं ते मी स्वतः सांगायचं, असं ठरलं. मी मान डोलावत होते. नोकरी वाचली होती, पण स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आणि हे वाचा," म्हणत बाईंनी कपाटातून एक कागद काढला. "सल्लागाराचं लेखकाशी काही नातं असेल तर त्याने कळवायचं, असा नियम आहे. गुप्त असतं हे. पण त्यांनीच आता दारातून खूण केली."

वर लिहिलं होतं, "समीक्षक बदलून मिळावा." खाली त्याच्या बारीक अक्षरात होतं की या लेखिकेचे धडे मी निःपक्षपातीपणे तपासू शकत नाही. तिची चूक मला चूक वाटेनाशी झाली आहे. विद्यार्थ्यांसाठी हे धोक्याचं आहे. त्याखाली छापील रकाना होता, नात्याचं स्वरूप. त्यात त्याने एकच शब्द लिहिला होता.

"एकतर्फी."

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. तारीख नवव्या धड्याच्या आदल्या दिवसाची होती. मी जळत होते ते सगळे दिवस हा कागद कपाटात पडून होता.

मागे वळून बघितलं तर तो दारात उभा, अर्ध्या गालावर फेस, नजर जमिनीवर. "तिच्या धड्यात चुकाच फार आहेत," तो पुटपुटला. "म्हणून एकसष्ट..."

"गप्प बसा," मी म्हणाले.

बाईंच्या टेबलावरचं पेन उचललं, "एकतर्फी" वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "माहिती चुकीची. दोन्ही बाजूंनी." कागद त्याच्यापुढे धरला.

त्याने तो वाचला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि समासात, माझ्या वाक्याशेजारी, एक शेरा लिहिला.

"मान्य."