धुमीच्या खळग्यातलं जेवण

मी अकरा वर्षांची आहे, हृदय ठणठणीत, फुप्फुसं उत्तम, हरिश्चंद्रगड दोनदा चढले आहे. तरी माझा अर्ज नापास झाला. का, तर उंची कमी!

आता तुम्हीच सांगा, ज्वालामुखीला माझी उंची कशाला हवी? मला काय त्याच्याशी बास्केटबॉल खेळायचा होता?

गोष्ट सन २०६४ ची. माझी चित्रलेखा आत्या ज्वालामुखींचा अभ्यास करते. अंदमानच्या पलीकडे धुमी नावाचं बेट आहे, आणि त्यावर एक जागा ज्वालामुखी. जागा म्हणजे झोपलेला नव्हे. अधूनमधून धूर सोडणारा, गुरगुरणारा. येत्या जानेवारीत आत्या तिथे बारा जणांना चढाईला नेणार होती. त्याची आखणी करायला ती ओतूरला आमच्या घरी आली होती. ‘अकरा पूर्ण झाली की तुला नेईन,’ असा तिचा शब्द होता. आणि आता तिच्याच अर्जात छापलेलं: किमान उंची दीडशे सेंटिमीटर. मी एकशे अडतीस! माझ्या नाकाचा शेंडा असा लाल झाला म्हणता.

“शब्द मोडलास तू,” मी म्हणाले.

“तितिक्षा, तुझं नाव सहनशीलता आणि तुला पाच मिनिटं दम नाही,” आत्या हसली. “जा, मोठं पातेलं आण. तीन मेणबत्त्या, खायचा सोडा आणि व्हिनेगर.”

आणलं सगळं, पण पाय आपटत. आत्यानं एक बुटकी मेणबत्ती पातेल्याच्या तळाशी ठेवली, तशीच दुसरी पालथ्या वाटीवर, तिसरी पालथ्या पेल्यावर. तिन्ही पेटवल्या. तळाशी सोडा पसरला आणि कडेनं हळूच व्हिनेगर ओतलं. फसफस फेस आला.

आधी तळातली मेणबत्ती विझली. मग वाटीवरची. पेल्यावरची मात्र जळत राहिली.

“अगं बाई! फुंकर कोणी मारली?”

“कोणीच नाही. फेसातून कार्बन डायऑक्साइड निघाला (आपण उच्छ्वासातून सोडतो तो वायू). तो हवेपेक्षा दीडपट जड. वारा नसेल तर पाण्यासारखा खाली साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्वालामुखीच्या भेगांतूनही तो निघतो आणि खोलगट जागी साचतो.”

झोपाळ्यावर बसलेले आप्पा, म्हणजे माझे आजोबा, एकदम पुढे झुकले. तरुणपणी ते विहिरींतला गाळ काढायचे. “हे तर आमच्या विहिरीतलं! बंद पडलेल्या विहिरीत उतरायच्या आधी आम्ही दोरीला कंदील बांधून खाली सोडायचो. विझला, की कोणी उतरायचं नाही. खाली काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण कंदिलावर विश्वास होता.”

“तोच वायू, आप्पा,” आत्या म्हणाली. “वाटेत शिखराखाली एक खळगा आहे. उभ्या मोठ्या माणसाचं नाक वरच्या चांगल्या हवेत राहतं. हिचं नाक खाली येतं. म्हणून उंचीची अट. मला तुझी काळजी आहे गं, दुसरं काही नाही.”

मला पटलं. पटलं म्हणूनच जास्त रडू आलं. भांडण करता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. आत्या आणि आप्पा पाटावर बसले आणि मी तोंड फुगवून ठेचा वाढायला उभी राहिले. आत्या माझ्याकडे मान वर करून म्हणाली, “थोडाच वाढ.”

मान वर करून! एरवी मी तिच्याकडे मान वर करून बघते. ती चांगली पाच फूट आठ इंच आहे.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. “आत्या, चढाईत जेवायचं कुठे?”

“त्या खळग्यातच. सह्याद्रीत भटकलेली माणसं आम्ही! भाकरीचं गाठोडं सोडायचं ते वाऱ्याच्या आडोशाला, नाहीतर धूळ खायची.”

“बसून?”

“मग काय उभ्यानं?” एवढं बोलली आणि आत्याचा घास हातातच थांबला.

“बसल्यावर तुझं नाक माझ्यापेक्षा खाली येतं,” मी म्हणाले. “बसल्यावर सगळेच बुटके!”

आत्या ताटावरून उठली. भिंतीवरचा संपर्काचा पडदा सुरू करून तिनं चिंबोरीला हाक मारली. चिंबोरी हा आमचा खेकड्यासारखा सहा पायांचा, माणसाएवढा उंच यंत्रमानव. महिनाभर तो धुमीवर हवा मोजत होता. त्याचा संवेदक (हवा हुंगून आकडा सांगणारं यंत्र) आत्यानं उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर बसवला होता.

“चिंबोरी, खळग्यात जा आणि खाली बस. जेवायला बसतात तसा.”

“मी जेवत नाही, तरी बसतो,” चिंबोरी अदबीनं म्हणाला. “आत्ता वारा पडलेला आहे. उभ्यानं अर्धा टक्का. बसून आठ टक्के.”

“आठ म्हणजे किती वाईट?” आप्पांनी विचारलं.

“साध्या हवेत हा वायू टक्क्याच्या पंचविसाव्या भागाएवढा असतो. आठ-दहा टक्क्यांत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.” आत्या पडद्याकडे बघत म्हणाली. “आप्पा, बारा जणांना मी तिथे पंगत वाढणार होते.”

तिनं मला इतकं घट्ट धरलं, की ठेचा तिच्या सदऱ्याला लागला. मला भीतीही वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

मग आम्ही उष्ट्या हातांनीच नकाशा काढला. खळगा टाळून धारेवरून जायचं (धार म्हणजे डोंगराची उंच, अरुंद कड). चाळीस मिनिटं जास्त लागतात, पण तिथे वारा वायूला साचू देत नाही. मी लगेच विचारलं, “मग आता मी?”

“आधी मोजू, मग बोलू,” आत्या म्हणाली. शास्त्रज्ञ म्हणजे शास्त्रज्ञच!

पंधरा दिवस चिंबोरी धारेवर उभा राहिला, बसला, लोळलासुद्धा. वारा पडला तेव्हाही मोजलं. प्रत्येक वेळी आकडा साध्या हवेसारखाच. आत्यानं त्याच्या पोटाखाली, जमिनीपासून चार बोटांवर, आणखी एक संवेदक टांगून घेतला. चढाईत तो सगळ्यांच्या पुढे चालणार. त्यानं शिट्टी दिली की मागे फिरायचं. त्या संवेदकाचं नाव मी ठेवलं: आप्पांचा कंदील. आप्पांनी तीनदा म्हणायला लावलं ते.

काल नवा अर्ज आला. उंचीचा रकाना गायब! त्या जागी आत्यानं लिहिलंय: ‘भाकरी धारेवरच सोडावी. धूळ खाल्ली तरी चालेल.’

“मूर्ती लहान पण कीर्ती महान,” आप्पा म्हणाले आणि माझ्या सॅकमध्ये त्यांनी ठेच्याची बरणी ठेवली. जानेवारीला अजून दोन महिने आहेत, पण मी काही ती बाहेर काढणार नाही. पुढच्या वर्षी दुसरीतली पोरंसुद्धा येऊ शकतील, असं आत्या म्हणते. त्यांना बसायच्या जागा मी दाखवणार आहे.