कॉर्बी नाल्यावरचं हवाबंद घर

"अहो! ओ बाई! जिवंत आहात ना?"

नायरीने डोळे उघडले नाहीत. "सध्या तरी आहे. तुमची सावली जरा बाजूला घ्या, म्हणजे पुढेही राहीन."

जुलैची सकाळ, म्हणजे पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऐन थंडी. ओटागोच्या डोंगरात कॉर्बी नाल्याच्या वर, जिथे चढायला मेंढ्याही कुरकुर करतात, तिथे ही बाई एका करड्या खडकावर हातपाय पसरून आडवी पडलेली! पळालेलं कुत्रं शोधत वर आलेल्या माणसाच्या काळजात धस्स होणार नाही तर काय? त्याचं नाव फर्गस. खालच्या खोऱ्यात कोणाचं तरी घर बांधायला आला होता. आत्ता टोपी हातात धरून धापा टाकत होता.

"पण... इथे झोपलात का?"

"माझी झोपायची खोली आहे ही," नायरी उठून बसली. "आणि तुम्ही भिंतीत उभे आहात."

फर्गसने खाली बघितलं, आणि चटकन एक पाऊल मागे सरकला. "माफ करा हं. दार कुठल्या बाजूला?"

तिला हसू आलं. या जमिनीपायी वर्षभर लोक तिला वेड्यात काढत होते. मावशीने मरताना तिच्या नावावर केलेला हा खडकाळ तुकडा विकून टाक, गावात बरं घर घे, असं जो तो सांगायचा. दार कुठे म्हणून विचारणारा हा पहिलाच. मग काय, तिने थर्मासखाली दाबून ठेवलेला नकाशा त्याच्यापुढे पसरला. कॅनडातून मागवलेला, अगदी नव्या पद्धतीच्या घराचा. शेगडी जवळजवळ लागतच नाही, उन्हावरच घर उबदार राहतं, असं त्यात लिहिलं होतं.

फर्गस बराच वेळ बघत राहिला. मग गाल खाजवत म्हणाला, "खिडक्या सुरेख आहेत. पण... सगळ्या दक्षिणेला?"

"मग? उन्हासाठीच तर!"

"बाई, कॅनडात ऊन दक्षिणेकडून येतं. आपल्याकडे कुठून येतं?"

नायरीने मान वळवली. सूर्य उत्तरेच्या कड्यावर बसून तिच्याकडेच बघत होता. जन्म गेला होता तिचा या डोंगरांत! लोकरीचा पुंजका दोन बोटांत धरून त्याची प्रत सांगणारी बाई, लोकर कातरायच्या सगळ्या शेडमध्ये तिचा शब्द शेवटचा, आणि तिला एवढं कळू नये? तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कोणाला सांगू नका, तुम्हाला शपथ आहे!"

"नाही सांगत. पण तोंड बंद ठेवायचं काहीतरी द्यावं लागेल."

"काय?"

"त्या थर्मासमध्ये चहा उरलाय का?"

असा तो आला तो आलाच. नकाशा उलटा करून नव्याने काढला, आणि वसंतात काम सुरू झालं. रस्ता इतका अवघड की लाकूड आणि काचा हेलिकॉप्टरने वर आणाव्या लागल्या. खडक फोडायचा नाही, घरानेच त्याच्याभोवती वळण घ्यायचं, हा नायरीचा हट्ट. भिंतींत भरायची ती मेंढीची लोकरच, हाही तिचाच. फर्गसचा हट्ट एकच होता... फट नको.

आता या माणसाचं फटीशी काय वैर होतं कोण जाणे! लोकरीवरून सगळ्या घराला आतून एक हवाबंद कापड ताणायचं, त्याच्या प्रत्येक जोडावर टेप लावायची, टेपचं टोक नखभर आत दुमडायचं, आणि वरून अंगठा फिरवायचा. एखादा खिळा उघडा राहिला असेल अशी शंका आली, तर गडी घरी गेलेला परत चढून यायचा.

"तुम्ही रात्री स्वप्नातसुद्धा टेप लावता का हो?" एकदा नायरीने विचारलं.

"स्वप्नात वेगळं काही असतं," तो म्हणाला, आणि टेपच्या रिळात तोंड खुपसून बसला. तिचे कान तापले. अहोजाहो त्यानंतर कधी गळून पडलं, ते दोघांनाही सांगता येणार नाही.

छत चढलं त्या दिवशी रिवाजाप्रमाणे मालकिणीने सगळ्यांना पाजायचं होतं. आमच्याकडे छत चढल्यावर जो बिअर पाजत नाही, त्याच्या घराबद्दल गावात दहा वर्षं वाईट बोललं जातं. नायरीने चीज रोलही स्वतः भाजून आणले, भरपूर लोणी लावून. संध्याकाळी मदतीची माणसं उतरून गेली आणि हे दोघंच उरले. अर्धवट भिंतींत, उलट्या बादल्यांवर. नव्या पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता.

"शेवटचा रोल तू घे," ती म्हणाली.

"नको, तू."

"अरे घे ना! मालकीण सांगतेय."

"मालकीण आहेस म्हणूनच तर..." तो थांबला. मग रोलकडे बघत म्हणाला, "टास्मानियात माझा चुलतभाऊ आहे. तिकडे मोठं काम निघालंय. दोन-तीन वर्षांचं. घराची हवेची चाचणी पास झाली की मी निघेन म्हणून सांगितलंय त्याला."

इकडची निम्मी तरुण माणसं समुद्र ओलांडून तिकडे जातात, त्यात नवल काही नव्हतं. पण हा?

"अरे वा," ती म्हणाली. "छानच की."

एवढंच? हो, एवढंच! कारण पूर्वी एकदा तिने एका माणसाला 'जाऊ नकोस' म्हटलं होतं. तो राहिला. आणि राहिला तसा रोज ऐकवत राहिला, की तुझ्यासाठी राहिलो मी, नाहीतर आज कुठल्या कुठे असतो. दोन वर्षांनी गेला तेव्हा तिने कानाला खडा लावला होता, की आता कोणालाही थांब म्हणायचं नाही. फर्गस गेला तर जाऊ दे. आतल्या आत कुढेन, पण म्हणणार नाही.

आणि फर्गस? तो तर घरमालकिणीपुढे तोंड उघडणाऱ्यांतला नव्हताच.

चाचणीचा दिवस उजाडला तो स्वच्छ. डुनेडिन शहरातून चाचणी करायला बेव आली. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर, आवाज घोगरा. तिने पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं आणि त्यात एक मोठा पंखा. पंख्याने घरातली हवा बाहेर ओढायची, आणि फटींतून किती परत आत शिरते ते मोजायचं. आकडा शून्य पॉइंट सहाच्या आत आला की घर पास.

"फर्गसची घरं म्हणजे माझी सुट्टी," बेव म्हणाली. "मी विणकामच घेऊन येते हल्ली."

पंखा घोंघावू लागला. नायरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. नापास होऊ दे, तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. वर्षभर राबून बांधलेल्या स्वतःच्या घराचं वाईट चिंतायचं म्हणजे काय!

"पॉइंट नऊ?" बेवने चष्मा डोळ्यांवर ओढला. "अगं बाई! फर्गस, तुझ्या घराला फट?"

फर्गस कानापर्यंत लाल झाला होता बिचारा.

"शोधा, शोधा," बेव म्हणाली. "पोरी, तू वर जा. हात ओला कर आणि भिंतींवरून फिरव. गार लागलं की ओरड."

नायरी वर गेली. खिडकीच्या कडा, कोपरे, छताची सांध... कुठे काही नाही. वर्षभर ज्याच्या अंगठ्याने हे सगळं दाबून बसवलं, त्याचीच ओळख जागोजागी हाताला लागत होती. मग तिने धुण्याच्या खोलीतलं कपाट उघडलं. गार वारा सपकन तोंडावर आला. मागच्या भिंतीत नळासाठी पाडलेलं मुठीएवढं भोक उघडंच होतं.

तिने तळहात त्यावर दाबला.

"उतरला!" खालून बेव ओरडली. "पॉइंट पाच! कुठे हात लावलास गं?"

नायरी उत्तर देणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. टेपचा तुकडा तिथेच होता. भोकाच्या मापाने कापलेला, टोक नखभर दुमडलेलं, नुसता लावायचा राहिलेला... किंवा ठेवलेला. खिळ्याच्या शंकेने डोंगर चढून येणारा माणूस एवढं भोक विसरेल?

तिने हात काढला.

"परत वर गेला! अगं, काय चाललंय तिथे?"

"काही नाही!" नायरी ओरडली. आवाज भलताच चिरका निघाला.

जिन्यावर पावलं वाजली. फर्गस दारात येऊन उभा राहिला. तिच्याकडे बघेना, भोकाकडे बघेना. टोपीची घडी घालत होता, उलगडत होता.

"हे तू केलंस?" तिने हळूच विचारलं.

"नाही." मग लगेच, "हो."

"का पण?"

"काल संध्याकाळी एवढा एकच तुकडा राहिला होता. हातात घेऊन बसलो. म्हटलं, हा लावला की संपलं... लावलाच जाईना गं माझ्याच्याने." त्याने एकदाचं वर बघितलं. "सापडणार हे माहीत होतं. पण बेव परत आठवड्याने आली असती. तेवढाच एक आठवडा."

"वेडा आहेस तू."

"आहे."

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"छताच्या दिवशी सांगायला गेलो होतो. तू 'छानच की' म्हणालीस."

नायरीला रडू आणि हसू एकदमच फुटलं. एवढा कानाला खडा लावलेला, आणि आता शब्द ओठांवर येऊन थांबला होता. म्हणावं? आणि यानेही उद्या ऐकवलं तर?

"फर्गस, मी एकदा एकाला थांब म्हटलं होतं. त्याने जन्माचा उपकार करून ठेवला माझ्यावर. म्हणून पुन्हा कोणाला..."

"उपकार?" तो मधेच म्हणाला. "नायरी, आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम काम बिघडवलंय. बेवसमोर! उपकार कसला, शरमेने मेलोय मी."

तिने खाली वाकून तो टेपचा तुकडा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"हे बुजव," ती म्हणाली. "भोकासाठी थांबायचं नाही. मी थांब म्हणते म्हणून थांब. जाऊ नकोस, फर्गस. मला तू हवा आहेस."

फर्गसने टेप लावली. नजर तिच्याकडेच होती, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा जरा तिरकी बसली. अंगठा फिरवताना नायरीचा हात त्याच्या हाताखाली आला आणि तिथेच राहिला.

"चुलतभावाला काय सांगशील?" तिने विचारलं.

"सांगतो की घर पास झालं, आणि मीही."

"पॉइंट पाच!" खालून आरोळी आली. "पास! अरे, ऐकताय का दोघं?"

बेवने थोडा वेळ वाट बघितली, मग स्वतःशीच हसून पंखा बंद केला. सगळं घर एकदम शांत झालं. बाहेर झाडं वाऱ्याने वाकत होती, पण आत त्यातलं काही येत नव्हतं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन तेवढं आत येत होतं, आणि त्या उन्हात उभं राहून नायरी त्या माणसाला पुन्हा एकदा, आता अगदी हळू आवाजात, थांब म्हणत होती.