साय, पापुद्रा आणि एक होकार

माझा चेहरा बघायच्या आधी त्यानं माझा डोळा बघितला.

सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात यंत्रावर हनुवटी टेकवून मी श्वास रोखून बसले होते. पलीकडून आवाज आला, "हलू नका... आरं देवा, काय डोळा हाय!"

"वाईट आहे का?" मी घाबरले.

"न्हाई हो. रोज पन्नास बघतो, तरी दर वेळी तोंडातनं निघतंच."

मी चष्मा घातला आणि तो दिसला. जालिंदर, इस्लामपूरकडचा. डोळे तपासायचा, ऑपरेशनं समजावून सांगायचा. साल अठ्ठ्याण्णव. लेसरनं चष्मा जातो ही बातमी साताऱ्यात आमच्या गल्लीपर्यंत पोचली होती आणि माझं ठरत आलेलं लग्न तिच्यावरच अडलं होतं. मुलाकडच्यांची अट होती — साखरपुड्याआधी चष्मा गेला पाहिजे. साखरपुड्याला तीन आठवडे उरले होते.

बाबा शेजारी बसले होते. ते कीर्तनकार, त्यांच्या साथीला पेटीवर मीच.

"बुवा, तीन पद्धती हायत," जालिंदर सांगू लागला. "जुनी म्हंजे भरल्या वांग्याला देतो तशा डोळ्याच्या काचेला चिरा. ती आता सोडा. दुसरी दुधावरच्या सायीगत. वरची साय बाजूला करायची, खाली लेसर मारायचा. साय चार दिवसांत परत धरते, पर लय चुरचुरतंय, आन् नजर निवळायला महिने जातात. तिसरी लेसिक, नवी. भाकरीचा पापुद्रा उचलायचा, आत लेसर, पापुद्रा परत मिटवायचा. दुसऱ्या दिवशी दिसतंय!"

"माझ्या डोळ्यांचा स्वयंपाकच मांडलात की!"

"खोलीवर एकटा ऱ्हातो," तो लाजला. "घरचं जेवण आठवतं..."

"आणि ही काच जाड किती?" बाबांनी विचारलं.

"अर्धा मिलिमीटर. थोडं इकडंतिकडं."

बाबांचे हात आपोआप जोडले गेले. "अर्ध्या मिलिमीटरचं दार, आणि त्यातनं चंद्र-सूर्य आत येतात! अंजना, एवढी वर्षं मी देव बाहेरच दाखवत बसलो गं."



मग जालिंदरनं माझ्या मोजमापाचा कागद पुन्हा पाहिला. "बुवा, यांची काच पातळ हाय. पापुद्रा उचलला तर खाली भाकरी उरायची न्हाई. सायीचं जमंल. पर तीन आठवड्यांत न्हाई."

बाबा डॉक्टरांशी बोलायला आत गेले. आम्ही दोघंच उरलो.

"मुलगा... चांगला हाय?"

"माहीत नाही."

"म्हंजे?"

"बघायला आले तेव्हा शालूआत्यानं माझा चष्मा काढून ठेवला होता. समोर एक पांढरा शर्ट बसला होता. त्याला मी हो म्हणाले."

तो हसला, मग हातातला कागद खाली ठेवला. "आवं, शर्टासाठी डोळे पणाला लावताय?"

परतीच्या एसटीत कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं... ते वाक्य काही जाईना. घरी पोचल्यावर मी लग्नाला नाही म्हणून सांगितलं. आत्या आठ दिवस बोलली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पेटी काढ."

महिन्याभरानं मी सांगलीला गेले.

"काय ठरलं?" जालिंदरनं विचारलं.

"सायीचं. दिवाळीनंतर. कुणाच्या अटीसाठी नाही, मला हवं म्हणून."

"आन्... लग्न?"

"मोडलं."

तो उगाचच यंत्राची काच पुसत राहिला. आधीच लख्ख होती ती.

"मग ऑपरेशन झाल्यावर," तो हळूच म्हणाला, "समदं नीट दिसाया लागलं की... एकदा मलाबी बघा. घाई न्हाई. मग सांगा."

"चष्म्यातनं नीट दिसतंय की मला."

मी बघितलं. सावकाश, कुणी चष्मा काढून घ्यायला नसताना. त्याच्या डाव्या भुवईतला एकुलता पांढरा केस, दाढी करताना हनुवटीवर राहून गेलेला खुंटांचा ठिपका, खाली-वर होणारा कंठ. आणि माझ्याकडे बघायचं धाडस न होऊन खिडकीबाहेर गेलेली नजर. माणसाचा चेहरा एवढा मोठा असतो, मला कुठं ठाऊक होतं!

"झालं बघून?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "हो."