डावऱ्याचा बाक

"उजव्या हाताला कसं लागतं बाबा? तुम्ही तर उजव्या हातानेच काम करता ना?"

मुलीने अगदी सहज विचारलं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. समोर तिचा बाप उजवा हात पुढे करून बसला होता आणि तिची आई त्या हाताच्या तर्जनीवर पट्टी गुंडाळत होती. बोटं तीच, जखमा नव्या. मागची पट्टी सुटते न सुटते तोच दुसरी. कोरायची पटाशी ज्या हातात असते त्या हाताला लागत नाही, लाकूड धरणाऱ्या हाताला लागतं, एवढं सुताराच्या घरातल्या पोरीला सातव्या वर्षीही कळत होतं. काकाच्या कामाच्या खोलीत ढलप्यांच्या ढिगावर ती वाढली होती. तिथे खारीसारखी ढलप्या गोळा करत फिरायची, म्हणून काकानेच तिला 'खारू' हे नाव दिलं होतं.

बायकोचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खिडकीकडे पाहिलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरू लागला. पडद्यावर दादाचा, म्हणजे खारूच्या काकाचा चेहरा होता. फोन वाजत राहिला, धाकटा भाऊ तसाच बसून राहिला, आणि शेवटी तो आपोआप गप्प झाला.

"दोन महिने झाले," बायको म्हणाली. "दर वेळी मीच बोलते. दर वेळी ते विचारतात, सांधा कसा बसतोय त्याचा. मी काय सांगू?"

"सांग, बसतोय म्हणून."

"काय लपवताय तुम्ही?"

तो खारूचे रंग डब्यात भरू लागला. पण खारूला झोपवून ती परत आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि उठेना, तेव्हा त्याला सांगावंच लागलं…

या परक्या देशातल्या एका फर्निचरच्या कारखान्याला हाताने काम करणारा सुतार हवा होता. निवड झाली तर नोकरी, बायकापोरांसकट राहायचा परवाना, मुलीला शाळा, सगळं कारखान्याचा मालक करून देणार होता. अट एकच. खिळा न मारता, गोंद न लावता एकमेकांत घट्ट बसणारा दातांचा सांधा हाताने करायचा आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. चेहरा नको, नुसते हात दिसले तरी चालतील.

धाकटा काही कच्चा कारागीर नव्हता. मापात चोख, यंत्रावर सफाईदार, गिऱ्हाइकाशी बोलण्यात तर दादाच्या चार पावलं पुढे. पण नुसत्या पटाशीने करायचा तो सांधा त्याच्या हाताला कधी वश झाला नव्हता. मुदतीच्या आदल्या दिवशी त्याने तो पुन:पुन्हा केला, आणि दर वेळी दोन फळ्यांमध्ये नख शिरेल एवढी फट राहिली. दादा दारात उभा राहून बघत होता.

"सरक," दादा म्हणाला. "मोबाइल धर."

"दादा, हे बरं नाही."

"मी वयात बसत नाही म्हणून मला कुणी घेणार नाही. मी नाही तर नाही, हात तरी जाऊ देत."

असं म्हणून दादाने डाव्या हातात पटाशी घेतली. दादा डावरा होता. वडील गेले तेव्हा त्यांच्या, उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या सुतारी बाकावर तो उभा राहिला आणि अंग वाकडं करून करून त्याच बाकावर त्याने धाकट्याचं शिक्षण केलं, लग्न केलं, घर चालवलं. त्या दिवशी त्याच बाकावर त्याने असा सांधा केला, की फळी कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते बोटालाही कळू नये. धाकट्याने मोबाइल धरला.  पडद्यात नुसते दादाचे हात दिसत होते.

"आणि वहिनींना माहीत होतं?" बायकोने विचारलं.

होतं. निघायच्या सकाळी वहिनी खारूचे कपडे बॅगेत भरत होती. तिला स्वत:चं मूल नव्हतं. खारूची वेणी तीच घालायची, खारूचा ताप तीच उतरवायची. फ्रॉकची घडी घालता घालता हसत म्हणाली होती, "हात आमचे आणि विमान तुमचं… छान आहे भाऊजी."

ते हसू त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"पण खरी शिक्षा इथे आल्यावर झाली," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी म्हातारा मालक त्याला हाताला धरून कारखान्याच्या मागच्या खोलीत घेऊन गेला होता. खिडकीजवळ, भरपूर उजेडात, एक नवाकोरा कामाचा बाक उभा होता. लाकूड आवळून धरणारी पकड नेहमी डाव्या टोकाला असते, इथे ती उजव्या टोकाला होती. पटाश्यांची फळीही उलट्या बाजूला. मालकाने व्हिडिओ बघून, नव्या कारागिराला त्रास होऊ नये म्हणून, स्वत:च्या हाताने डावऱ्या माणसाचा बाक बनवला होता… आणि धाकट्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. त्या दिवसापासून कारखान्यातले सगळे त्यांच्या भाषेत त्याला 'डावरा' म्हणू लागले. हजेरीची सही तो उजव्या हाताने करताना कुणी बघितलं, तर लहानपणी शाळेत उजव्या हाताने लिहायला लावलं असं त्याने ठोकून दिलं. यंत्रावरचं काम निभावत होतं. पण पटाशी डाव्या हातात धरली की ती घसरायची, आणि मालक खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "जागा नवी आहे. बसेल हात."

"तो चांगला वागतो ना, तेच सोसत नाही गं," धाकटा म्हणाला. "एकदा शिव्या घालील तर बरं."

 बायकोने डोळे पुसले.

"सांगितलंत तर आपल्याला परत पाठवतील."

"हो."

"खारूला आत्ता कुठे मैत्रिणी मिळाल्यात. मी तिथली नोकरी सोडून आले. मला एका शब्दाने विचारलं असतंत तर…" तिचा आवाज फुटला. "नका सांगू. शिका ना डाव्या हाताने. माणसं काय काय शिकतात."

 ती उठली, मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आली, दारातच उभी राहिली. पट्टी बांधलेला तो हात टेबलावर तसाच पडला होता, एखादी दुसऱ्याची वस्तू विसरून राहावी तसा.

"नाही," ती हळूच म्हणाली. "सांगून टाका. पोरगी उद्या परत विचारणार, आणि मला तिच्याशी खोटं बोलता यायचं नाही."

सकाळी बाकीचे यायच्या आत तो कारखान्यात गेला. मालक लाकूड तासायच्या रंध्याचं पातं पाजळत बसला होता.

"मालक, तो बाक माझा नाही."

"का? उंची कमी पडते? चार फळकुटं लावू खाली."

 धाकट्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोबाइल कुणी धरला, पटाशी कुणी धरली, काही वगळलं नाही. मालकाने पातं खाली ठेवलं.

"हात दाखव."

त्याने दाखवले. म्हाताऱ्याने त्याचा उजवा हात उलटापालटा करून एकेक जखम पाहिली.

"माझे वडील डावरे होते," मालक म्हणाला. "जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात, उलट्या बाकावर राबले. म्हातारपणी पाठ सरळ होत नव्हती त्यांची. त्यांना बाक करून द्यायचं मनात होतं, राहून गेलं. तुझा तो व्हिडिओ बघितला आणि वाटलं, निदान…" तो थांबला. "घरी जा आज."

रागावला असता तर धाकट्याने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण म्हातारा रागावला नाही, नुसता एकदम थकल्यासारखा दिसला.

 घरी नवरा-बायको दिवसभर एकमेकांना चुकवत घरातली कामं करत राहिली. शाळेतून आलेल्या खारूने, बाबा आज लवकर कसे, असं विचारलं, तेव्हा बायको म्हणाली, "बाबांनी आज एक अवघड काम केलं, म्हणून सुट्टी."

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला. दारालगत, वारा झोंबेल अशा जागी एक जुना, उजव्या हाताचा बाक त्याने झाडून ठेवला होता.

"हिवाळा संपेपर्यंत इथे काम कर," मालक म्हणाला. "संपला की त्या व्हिडिओतला सांधा माझ्यासमोर करायचा. तुझ्या हाताने. बसला तर तुझे कागद राहतील. फट दिसली तर मी स्वत: तुम्हा तिघांना विमानतळावर सोडून येईन, आणि तेव्हा मला दया येणार नाही."

त्या संध्याकाळी धाकट्याने दादाला फोन लावला.

"फोन उचलायलाही माझेच हात लागतात का रे तुला?" दादाने पहिलंच वाक्य टाकलं.

धाकट्याला हसायचं होतं, पण हुंदका आला. त्याने सगळं सांगितलं. फक्त त्या खिडकीजवळच्या बाकाचं सांगितलं नाही. ते सांगायला जीभ वळेना. जो बाक दादाला जन्मात कुणी दिला नाही, तो इथे दादाच्याच हातांसाठी तयार होऊन रिकामा उभा आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?



"चूक माझी आहे," दादा म्हणाला. "लहानपणी तुझी चित्रं मी काढून दिली, तुझे पतंग मी बांधून दिले. तुला जमेना की म्हणायचो, सरक. आई म्हणायची, त्याला करू दे. मला वाटायचं, ही माया आहे."

"तू एवढं केलंस दादा, आणि मी…"

"तेच म्हणतोय. मी केलं. तुला करू दिलं नाही."

मागून वहिनीने फोन ओढून घेतल्याचा आवाज आला. "भाऊजी, मी बोलले ते धरून बसलात होय? अहो, पोरगी चालली होती माझ्यासमोरून. पोटातलं दुखणं तोंडाने कुठून तरी निघायचंच. हातांचं काय मेलं… आधी माझ्या खारूला द्या फोन."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. कारखान्यातली माणसं गेली की धाकटा आपल्या बाकावर गोंदाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा. तिकडे दादा आपल्या बाकामागे उभा राहायचा. आणि पहिल्याच दिवशी एक अजब गोष्ट धाकट्याच्या ध्यानात आली. लहानपणी दादा त्याला शेजारी उभं करून शिकवायचा. दादाचा डावा हात बघून उजव्या हाताने करायला गेलं की सगळं उलटं व्हायचं, डोक्यात टप्पल बसायची, आणि शेवटी 'सरक'. पण आता दोघं समोरासमोर होते. दादाचा डावा हात बरोबर त्याच्या उजव्या हातासमोर येत होता, आरशातल्यासारखा. दादाची पटाशी जिकडे कलायची, तिकडेच त्याची कलत होती. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून जे जमलं नाही, ते मध्ये सगळा समुद्र आल्यावर जमू लागलं होतं…

"मनगट नको वळवू. कोपर. हां. आता लाकडाला घाई नाही, तूच कशाला करतोस?"

फट राहायची. कमी व्हायची. पुन्हा राहायची. "दादा, तूच एकदा करून दाखव पुरता," तो चिडून म्हणायचा, आणि पलीकडे दादा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

हिवाळा सरला. मालकाने स्वत: निवडलेल्या दोन फळ्या आणून ठेवल्या आणि स्टूल ओढून समोर बसला. धाकट्याने फोन खिशात ठेवला होता. हे त्याला एकट्यानेच करायचं होतं. दुपार उलटून गेली तेव्हा त्याने फळ्या एकमेकांत सरकवल्या आणि तळहाताने अखेरचा ठोका दिला. म्हाताऱ्याने तो सांधा खिडकीपाशी नेला, उजेडासमोर धरला, एक डोळा मिटून किती तरी वेळ बघितला. मग नखाची कड सांध्यावरून फिरवली.

"त्याच्याइतका नाही," मालक म्हणाला.

"नाही," धाकटा म्हणाला.

"पण उजेड येत नाही यातून." त्याने सांधा खाली ठेवला. "बायकोला सांग, सामान बांधू नको म्हणावं. आणि तुझ्या भावाला फोन लाव."

धाकट्याने फोन लावला. मालकाने तो त्याच्या हातातून घेतला, खिडकीजवळच्या त्या बाकापाशी गेला, आणि काही न बोलता फोन बाकावरून हळूहळू फिरवला. पटाश्यांच्या फळीवरून, गुळगुळीत पृष्ठभागावरून, उजव्या टोकाच्या पकडीपर्यंत.

पलीकडे दादा पुढे झुकला. सुताराच्या डोळ्याला सांगावं लागत नाही.

"पकड उजवीकडे," तो म्हणाला. "डावऱ्याचा बाक आहे हा… कुणासाठी केलाय रे?"

 सगळा हिवाळा गिळून ठेवलेला शब्द धाकट्याला आता गिळता येईना.

"तुझ्यासाठी, दादा."

 दादाने कमरेच्या फडक्याला डावा हात पुसला, पुन्हा पुसला, आणि तो हात सावकाश पुढे आणून पडद्यावर, त्या बाकाच्या लाकडावर ठेवला. इकडे पडदा तळहाताने भरून गेला, आणि म्हातारा मालक तो फोन दोन्ही हातांत तसाच, हलू न देता, धरून उभा राहिला.