जिभेवरची गोळी

गुरुवारी आमच्याकडे निपाणीकडचे पेशंट जास्त असतात. सकाळच्या बसने बेळगावात उतरायचं, कॅम्पातल्या आमच्या हॉस्पिटलात दाखवायचं, बाजार करून संध्याकाळी परत. बोरगावचे महादेव त्यातलेच. तंबाखूची वखार, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाजात हुकूम. दीड वर्षापूर्वी मी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. तारेची बारीक जाळीदार नळी. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या सुटल्या तर चांगली चाललेली नळीही कधीतरी अचानक बंद पडते.

ते खुर्चीत बसले. त्यांची दुसरी बायको रचना मागे उभी राहिली.

"डॉक्टरबाई, गोळी पोटात जाईना झालीय."

"म्हणजे?"

"जिभेवर ठेवतो. पाणी प्यायच्या आधी कोणतरी काढून घेतंय. दोन बोटं घालून. मागं तंबाखूची चव ऱ्हाती."

"तंबाखू खाता?"

"धंदा करतो. खात न्हाय."

मी रचनाकडे पाहिलं. "घेत्यात की," ती फरशीकडे बघत म्हणाली. "माझ्यासमोरच घेत्यात."

रक्त तपासलं. गोळ्यांचा परिणाम शून्य. वर्षभरात एकही घेतली नसावी, असं रक्त. पेशंट खोटं बोलतात, हे मला नवीन नाही. मी त्यांना दाखल करून घेतलं आणि दुपारी गोळी स्वतःच्या हाताने त्यांच्या जिभेवर ठेवली.

पांढरी गोळी दिसत होती. मी ग्लास उचलला. त्यांनी मान मागे टाकली, गाल आतून फुगल्यासारखे झाले आणि डोळ्यांत पाणी आलं. पाणी अजून माझ्या हातातच होतं. जीभ रिकामी होती. तिच्यावर दोन तपकिरी डाग होते आणि ओल्या तंबाखूचा वास माझ्या नाकापर्यंत आला.

गिळली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. काहींच्या शरीरावर एखादं औषध चालत नाही, तेही सांगितलं. गोळी बदलली, सलाईनमधून रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं. सकाळी राउंडला गेले तर सुई काढलेली होती. ओढून नव्हे. अलगद काढून वर कापूस ठेवून पट्टी लावलेली. सिस्टर स्वरूपा म्हणाली, मी न्हाय लावली मॅडम. महादेवांचे हात थरथरत होते. त्यांना ती पट्टी लावता आली नसती.

"घरात अजून कुणाला स्टेंट होता?" मी विचारलं.

"मंगलला. माझी पहिली बायको." ते खिडकीकडे बघत होते. "वखारीतच राबायची. हाताचा वास कधी गेला न्हाय तिच्या."

"कशाने गेली?"

"नळीच बंद पडली."

"गोळ्या सुटल्या होत्या?"

रचना स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. तिचे हात थांबले.

"उलट बोलली की गोळ्या मी वखारीत कुलपात ठेवायचो," महादेव म्हणाले. "पाया पडली की द्यायचो."

"आणि शेवटी?"

"शेवटी पडलीच न्हाय पाया."

रचनाने साल हातातल्या हातात चुरगळलं.

भर दुपारी, पेशंटचे डबे येत असताना, त्यांच्या छातीत कळ आली. मी वॉर्डातच होते. त्यांना लगेच अँजिओग्राफीच्या टेबलावर घेतलं. पडद्यावर रक्तवाहिनी दिसत होती ती स्टेंटपर्यंत. पुढे काही नव्हतं. नळी गच्च भरली होती.

मी आत दुसरी बारीक नळी सरकवून रक्ताची गाठ ओढून काढली. काळपट, लांबट. रक्त वाहू लागलं.

आमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा थांबलं.

पुन्हा काढली. पुन्हा भरली. औषधं चालू होती, भरपूर चालू होती.

बंद, थंड खोलीत ओल्या तंबाखूचा वास पसरला. सिस्टरने मास्क वर ओढला. म्हणजे तो तिलाही आला होता.

महादेव शुद्धीत होते. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"मंगल, पाया पडतो. पाया पडतो गं."

पडद्यावरची शेवटची बारीक रेघ पुसली गेली.

त्यानंतर आम्ही जे जे करायचं असतं ते सगळं केलं.

हातमोजे काढून मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये ऊन होतं. बाकावर रचना एकटी बसली होती, मान थोडी मागे कललेली, डोळे मिटलेले. मी सांगायच्या आधीच तिने मान हलवली.

"कळलं मला."

"कुणी सांगितलं?"

"मंगलआक्कांनी. म्हणाल्या, आता भिऊ नगंस."

ती खूप दिवसांनी निवांत बसल्यासारखी दिसत होती. दोन्ही हात मांडीवर होते. मी तिच्या खांद्यामागे पाहिलं.

मोकळ्या केसांचे तीन पेड एकमेकांवरून सरकत होते. वेणी अजून घातली जात होती.