सतरा नंबरचं जॅकेट

दापोलीच्या एसटी स्टँडसमोर रात्री साडेबाराला एकच टपरी उघडी होती. महरीनने तिथे सायकलच्या दोन्ही बाटल्या भरून घेतल्या, अर्धा चहा उभ्यानेच प्यायला आणि शर्यतवाल्यांच्या वहीत सही केली. हा शेवटचा चेक पॉइंट. कच्च्या रस्त्यांची तीनशे किलोमीटरची शर्यत काल सकाळी सहाला बुरोंडीच्या किनाऱ्यावरून सुटली होती आणि चिपळूणला वळसा घालून इथवर आली होती. सकाळी सहाच्या आत पुन्हा किनाऱ्यावर पोचायचं. थेट रस्त्याने बुरोंडी सायकलवरही तासाभराची. पण शर्यत आखणाऱ्यांना थेट रस्त्याचं वावडं असतं. त्यांनी सड्यांच्या उघड्या माळांवरून अजून सत्तर किलोमीटर फिरवायचं ठेवलं होतं.

"यंदा खाणीवर झोपू नकोस हां," टॅबवर नजर ठेवून हर्षद म्हणाला. शर्यत त्याचीच, माणूसही तसा भला, पण जीभ सैल. शेजारची दोन पोरं हसली.

"झोपले नव्हते," महरीन म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

झोपली नव्हतीच ती. गोष्ट सांगणाऱ्याने हे नाही सांगायचं तर कोण सांगणार?

त्याचं असं आहे. या शर्यतीत कुणाची बाहेरून मदत घ्यायची नाही, पण एकमेकांना वाऱ्यावरही सोडायचं नाही. वाटेत कुणी थांबलेला दिसला की विचारायचं, "बरं आहे ना?" त्याने अंगठा दाखवला तर पुढे जायचं. उत्तर नाही आलं तर हलायचं नाही. मागच्या वर्षी सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीपाशी, चिऱ्यांच्या ढिगावर एक गडी मान खाली घालून बसला होता. सायकल बाजूला आडवी. महरीनने तीनदा विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. तो नुसता कुडकुडत होता. तिने आपलं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट त्याच्या खांद्यावर टाकलं, तीन खजूर त्याच्या हातावर ठेवले आणि शेजारी बसून राहिली, कारण फोनला रेंज नव्हती. उजाडलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. जॅकेट गेलं, त्याच्या खिशातला, शर्यतवाल्यांच्या टॅबवर ठिपका दाखवणारा तिचा सतरा नंबरचा ट्रॅकरही गेला. शर्यतीतले बाकी सगळे गडी मोजून जागेवर होते.

मग काय, पोरगी झोपली आणि वर गोष्ट रचली, असा निकाल लागला. कुवेतहून भाऊ अद्नानने घरच्या ग्रुपवर विचारलं, स्वप्नात कोण आला होता? खाली सगळ्यांची हसणारी तोंडं. अम्मीला बुरोंडीच्या मोहल्ल्यात बायका विचारायच्या, आता तरी सायकल विकणार ना? वर्षभर महरीनने ते ऐकून घेतलं. यंदा ती एवढ्यासाठीच आली होती, त्याच वाटेने शर्यत पुरी करायची. तिचा या वर्षीचा नंबर एकतीस.

सडा लागला तेव्हा अडीच वाजून गेले होते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. झाड नाही, घर नाही, दिव्याच्या उजेडात तेवढी लाल वाट सरकत येते आणि चाकाखाली खडी कुरकुरते. डिसेंबरचं दव पडत होतं. हँडलच्या पट्टीवर हात थंडगार पडले होते. आणि मग वास आला. भर पावसात चिरेखाणीत पाणी साठलं की येतो तसा ओल्या, कुजक्या मातीचा वास. दोन महिन्यांत तिथे पावसाचा थेंब पडला नव्हता.

पुढे महरीनच्या दिव्याच्या उजेडात दोन चमकते पट्टे उजळले. पट्ट्यांमध्ये काळ्या चिकटपट्टीचा सतरा. सातचा पाय वाकडा, कारण तो तिनेच घाईघाईत चिकटवला होता.

तो तसाच बसला होता. तोच ढीग, तशीच खाली घातलेली मान, सायकल तशीच आडवी.

तिथून सुसाट निघून जावं, असं तिला वाटलं. कुणाला वाटणार नाही? पण नियम तो नियम. तिने एक पाय टेकला, दुसरा पेडलवरच ठेवला.

"बरं आहे ना?"

मग चिऱ्यांच्या आतून आल्यासारखा आवाज आला. "बस ना... जरा."

"मागच्या वर्षी बसले होते. रात्रभर."

"कोणी बसत नाय... सगळी जातत."

त्या आवाजात रडं होतं. महरीनला भीती वाटत होती, पण भीतीच्या वर राग चढला. वर्षभर जिरवलेला सगळा राग.

"बसून तुझं काय बरं झालं?" ती म्हणाली. "माझी शर्यत गेली, माझ्या आईची मान खाली गेली, आणि तू अजून इथंच. मी बसणार नाही. यायचं तर ऊठ, सायकल उचल आणि माझ्या मागे लाग. बुरोंडीपर्यंत नेते. वाटेत थांबायचं नाही, आणि मी वळून बघणार नाही."

तिने पेडल दाबलं. शंभर पावलं गेली असेल नसेल, मागे चिरे घरंगळल्याचा आवाज झाला. मग फ्रीव्हीलची टिकटिक. पेडल थांबवून चाक नुसतं फिरू दिलं की मागच्या चाकातून येते ती. टिकटिक जवळ आली आणि तिच्या मागच्या चाकाला लागून राहिली. मागून दिवा नव्हता. पुढच्या वाटेवर तिची सावली पडत नव्हती.

सायकलवाल्यांची एक रीत असते. पुढच्याने खड्डा दिसला की ओरडून सांगायचा, मागच्याने तोच शब्द पुन्हा म्हणायचा, म्हणजे ऐकलं हे कळतं. वळणाशी महरीनच्या तोंडून सवयीने गेलं, "खड्डा!"

"खड्डा," मागून आलं.

महरीनने वेग वाढवला.

"चिरा, डावीकडे!"

"चिरा... डावीकडे."

असे तास गेले. ती हाकारत होती, तो म्हणत होता. एका उतारावर ती भन्नाट वेगात असताना मागून आधी आवाज आला, "झाड." महरीनने काही न बघता दोन्ही ब्रेक दाबले. वळणापलीकडे काजूचं झाड वाटेवर आडवं पडलं होतं. तिने सायकल खांद्यावर घेऊन झाड ओलांडलं. मागे फांद्या मोडल्या नाहीत, पण पलीकडे टिकटिक पुन्हा सुरू झाली.

"थांबूया..." तो म्हणाला. आवाज आता कानाच्या मागेच होता, आणि त्याबरोबर ओल्या मातीचा श्वास.

"नाही."

"जरा..."

"नाही म्हटलं ना! पेडल मार."

बुरोंडीच्या मशिदीतली अजान ऐकू आली तेव्हा आता हे संपेल असं तिला वाटलं. लहानपणापासून तसंच ऐकलं होतं. अजान झाली. टिकटिक चालूच राहिली.

किनाऱ्यावरच्या कमानीखालून ती गेली तेव्हा सहाला नऊ मिनिटं होती. हर्षदने वेळ लिहिली. पाय टेकून, हँडलवर डोकं ठेवून ती थोडं रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. मग तिने वळून पाहिलं. वाट रिकामी होती.

हर्षद टॅबकडे बघत होता. शेजारची दोन पोरं आता हसत नव्हती.

"सतरा नंबर यंदा आम्ही कोणाला दिलाच नाही," तो हळू म्हणाला. "खाणीपासून हा ठिपका तुझ्या मागे आहे. वाटलं, मशीन चुकलं."

"आता कुठाय?"

"इथं थांबला नाही. वर गेला... तुमच्या मोहल्ल्यात."

तेवढ्यात फोन वाजला. अम्मी होती.

"आलीस काय गो? मघाशी अंगणात सायकल वाजली. मी आतूनच म्हटलं, ये आत. कोण बोलंना म्हणून बघते, तर तुझं जाकीट दोरीवर. ते हरवलेलं. तू कुठं हायस?"

"अम्मी, अंगणात येऊन उभी राहा. आत जाऊ नको."

"उजाडू दे, मग जा," हर्षद म्हणाला.

"घर माझं आहे," महरीन म्हणाली आणि चढाला लागली.

अम्मी अंगणात शाल लपेटून उभी होती. दोरीवर जॅकेट होतं, कोरडं. खिशात गंजून फुगलेला ट्रॅकर. त्याचा दिवा लागत नव्हता, काही नाही. खिशातच, ट्रॅकरखाली, तीन खजुराच्या बिया. त्या ओल्या होत्या.

महरीनने सायकलचा दिवा काढून हातात घेतला आणि घराच्या प्रत्येक खोलीत गेली. "आणलं तुला इथवर," ती भिंतींना बजावत होती. "आता इथं बसायचं नाही. ही माझ्या आईची जागा आहे. निघ." घरात भरलेला ओल्या मातीचा वास हळूहळू उणावला, मग नाहीसा झाला. अम्मीने आत येऊन चहाचं आधण ठेवलं, तेव्हा कुठे महरीनच्या जिवात जीव आला.

मग तिने जॅकेट अंगात घातलं. ते हर्षदला, त्या पोरांना, साऱ्या बुरोंडीला दाखवायचं होतं. अद्नानलाही फोटो पाठवायचा होता. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून ती किनाऱ्याच्या उताराला लागली. उजाडत होतं, वाटेवर ती एकटी, आणि वर्षभरात पहिल्यांदा मान ताठ. विहिरीपाशी रस्ता उखडलेला आहे. सवयीने ती म्हणाली, "खड्डा."

"खड्डा," उत्तर आलं. मागून नाही. कॉलरच्या आतून.

वाटेत थांबायचं नाही, हे तिनेच सांगितलं होतं. महरीनने ब्रेक लावला नाही.