गुरुवारची वीज

श्रीनिवास आला होता प्रिंटर दुरुस्त करायला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या छोट्याशा माती-परीक्षण प्रयोगशाळेत शिरला, तर कॉम्प्युटरसमोर एक मुलगी पांढरीफटक पडलेली... आणि तिचं बोट थेट मशीन बंद करायच्या बटणावर.

"हात काढा," तो म्हणाला. "ओळख नंतर करून घेऊ."

मैनाने दचकून हात मागे घेतला. डिस्कवर जागा करायला तिने जुन्या फाइली पुसल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत मातीची फाईलही गेली होती. उसाच्या शेताशेतांत उन्हातान्हात फिरून आणलेल्या नमुन्यांचे सगळे आकडे! दुसरी प्रत नव्हती. एमएस्सीचं वर्ष बुडालं तर शिक्षण पुरे, असं वडिलांनी बजावलं होतं. घरी तिला बघायला पाहुणे तर येऊ लागलेच होते. मशीन बंद करून चालू केलं की फाईल परत येईल, ही तिची भाबडी आशा. फाईल गेल्याचं तिने एका दमात सांगून टाकलं.

"प्रत ठेवायची नसते वाटतं मांजरीत?" श्रीनिवास पुण्याच्या पेठेतला, टोमणा मारल्याशिवाय त्याला कामच सुरू करता येत नसे.

पण त्याने नीट चौकशी केली. ती फाईल एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे का? होती, सकाळपासून त्यावर आकडेमोड चालू होती. त्याचा चेहरा उजळला. पुसलं गेलंय ते नुसतं नाव, त्याने समजावलं. प्रोग्रॅमने फाईल धरून ठेवलीय तोवर ती आत शाबूत आहे. तो बंद पडला, की मात्र खरोखरच गेली.

तेवढ्यात पंखा थांबला. गुरुवार... दुरुस्तीसाठी वीज जायचा वार, आणि दोघांच्याही लक्षात नाही! टेबलाखालचा यूपीएस केकाटू लागला.

"किती वेळ टिकतो हा?"

"जुना हाय," घाबरलेल्या मैनाच्या तोंडून घरची बोली निसटली.

त्याने घाईघाईने प्रोग्रॅमचा नंबर शोधला, आणि पुढची ओळ लिहिताना तीनदा चुकला. तेव्हा कुठे तिला दिसलं, की तो तिच्याहून जास्त घाबरलाय. तिने हळूच कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

"तुम्ही सांगा. मी लिहिते."

"सी... पी... जागा सोडा. स्लॅश, प्रॉक, स्लॅश..." तो खांद्यामागून हलक्या आवाजात सांगत होता. तो आवाज तिला आवडला, आणि अशा वेळी हे काय सुचतंय म्हणून स्वतःचा रागही आला. तिने एंटर दाबलं, कर्सर पुढच्या ओळीवर सरकला... आणि स्क्रीन काळा झाला.

कॉपी झाली का? श्रीनिवासने मान खाली घातली. झाली असेल, पण डिस्कवर उतरायला थोडा अवधी लागतो, आणि ती लगेच उतरवायचा हुकूम द्यायला तो विसरला होता. आता वीज आल्यावरच कळणार. त्याला जाता आलं असतं. तो गेला नाही.

दुपारभर दोघं पायरीवर बसून राहिले. मैनाला डबा उघडवेना.

"नसेल उतरली तर?"

"तर पुन्हा माती आणू. शनिवार-रविवार मी मोकळा असतो... तसा इतर दिवशीही—" तो अडखळला. "कुदळ कधी धरलेली नाही. शिकेन."

ऊन उतरताना वीज आली. मैनाने मशीन चालू केलं. फाईल दिसली, शेवटच्या शेतापर्यंत सगळी. तिला रडूच फुटलं. श्रीनिवासने अभिनंदन केलं, पण असं, की जणू त्याचंच काही बुडालंय.

मैनाने ओढणीने डोळे पुसले.

"शनिवारी या," ती म्हणाली. "माती नाही आणायची आता... तरी या."